मापापुरता माणूस

खडकाचें छायाचित्र घ्यावयाचें तर त्याच्या शेजारीं मापासाठीं कांहीं तरी ठेवावें, असा आम्हां भूगर्भशास्त्राच्या अध्यापकांचा दंडक आहे. हातोडी ठेवावी, पेन्सिल ठेवावी, कांहींच जवळ नसलें तर रुपयाचें नाणें ठेवावें. अशी ओळखीची वस्तु चित्रांत नसली म्हणजे खडक मुठीएवढा आहे कीं घराएवढा, हें पाहणाराला सांगतां येत नाहीं. ३५ वर्षें मीं हा नियम विद्यार्थ्यांना शिकविला आणि मापावांचून काढलेलीं चित्रें त्यांच्या वह्यांत तांबड्या शाईनें खोडलीं. तोच नियम कसोशीनें पाळतांना एकदां माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगण्यासाठीं हा लेख.

सन २०२२ च्या श्रावणांत मी तीन महिन्यांसाठीं मुलाकडे अमेरिकेंत, बोस्टन शहरीं गेलों. मुलगा तेथें जाऊन तेव्हां २१ वर्षें झालीं होतीं. तो सहा वर्षांचा असतांना त्याची आई वारली. त्यानंतर त्याला वाढविलें तें माझ्या वहिनींनीं. आमचें पुण्याचें घर अजून एकत्र आहे. दादा जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं, तरी पुतणे, सुना, नातवंडें मिळून एका वेळीं अकरा पानें मांडलीं जात, आणि ८३ वर्षांच्या वहिनींचें लक्ष प्रत्येक पानाकडे असे.

निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं माझ्या पेटींत मेतकुटाचा डबा ठेवला आणि त्याच्या शेजारीं दादांचा कॅमेरा ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, हा नुसता कपाटांत पडून आहे. तिकडचीं तांबडीं झाडें ह्यानें काढून आणा. त्या फोनमधलीं चित्रें मला बघतां येत नाहींत. बोट लागलें कीं पळतात. हातांत धरतां येतील अशीं आणा." आणि दाराशीं आल्यावर, "बाळ कसा आहे, तें नीट बघून या."

दादांचा कॅमेरा दुहेरी भिंगांचा, जपानी बनावटीचा. त्यांनीं तो १९७४ सालीं मुंबईस जुना म्हणून विकत घेतला होता. हा कॅमेरा डोळ्याला लावीत नाहींत. तो छातीशीं धरून, मान खालीं घालून, माथ्यावरच्या दुधी कांचेंत पाहावयाचें. त्या कांचेंतील देखावा सुलट दिसतो, पण त्याचें डावें-उजवें बदललेलें असतें; त्यामुळें नवख्या माणसाची फार तारांबळ उडते. एका फिल्मवर चित्रें निघतात तीं बाराच. दादा म्हणत, "बाराच असतात, म्हणून माणूस आधीं पाहतो आणि मग काढतो."

झाडें रंगण्याचे दिवस आले तेव्हां कोठें जावें हें चिरंजीवांनींच ठरविलें. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारीं, घरीं नवरात्राची सहावी माळ असेल त्या दिवशीं, आम्ही दोघे पहाटे अंधारांत निघालों. नातीची कसलीशी स्पर्धा होती, म्हणून ती व सूनबाई घरींच राहिल्या. निघतांना सूनबाईनें मुलाच्या कोटाच्या खिशांत एक लहानशी डबी घातली आणि खिसा वरून चांचपून पाहिला. बडिशेपेची असावी, असें मीं मनाशीं म्हटलें.

बोस्टनपासून व्हर्माँट राज्याच्या उत्तर भागापर्यंत सुमारें २०० मैलांची वाट. आम्हां बाप-लेकांचें बोलणें पहिल्यापासूनच थोडें. मी हवेविषयीं विचारतों, तो रस्त्याविषयीं सांगतो. शिक्षण संपतांच परत येतों म्हणून गेलेला मुलगा तिकडेच राहिला, हें शल्य मीं त्याला कधीं बोलून दाखविलें नाहीं. पण न बोललेलें शल्य बोललेल्यापेक्षां पुष्कळदां अधिक ऐकूं जातें. तीन-चार तासांत आमचीं पंधरा-वीस वाक्यें झालीं असतील.

स्टो नांवाचें एक टुमदार गांव मागें पडलें आणि रस्ता रानांतून चढूं लागला. एका बाजूला मॅन्सफील्ड पर्वत. हा सुमारें ४,४०० फूट उंच असून व्हर्माँटमधील सर्वांत उंच शिखर तेंच. दुसऱ्या बाजूला स्प्रूस शिखर. या दोहोंच्यामध्यें जी अरुंद खिंड आहे, तिला स्मगलर्स नॉच म्हणतात. नॉच म्हणजे खांच. तेव्हां आपण तिला चोरट्या व्यापाऱ्यांची खिंड म्हणूं. खिंडीचा माथा सुमारें २,१६० फुटांवर आहे. माथा जवळ येतो तसा रस्ता आंखडत जातो, मधली पिवळी रेघ नाहींशी होते, आणि दोन्ही अंगांस घराएवढाल्या शिळा अगदीं डांबराच्या कडेला येऊन उभ्या राहतात. रस्ता करणारांनीं त्या हलविल्या नाहींत. रस्ताच त्यांना वळसे घालीत नेला आहे. समोरून मोटार आली तर दोघांपैकीं एकानें शिळेआड थांबावें आणि दुसऱ्यानें हात करून पुढें जावें, असा तेथील शिष्टाचार. लांब मालमोटारींना येथें मनाई आहे. तशा पाट्या ठिकठिकाणीं आहेत, आणि तरी एखादा चालक पाटी न वाचतां वर येतो व नागमोडींत अडकून बसतो. हिंवाळ्यांत बर्फ पडलें कीं हा माथ्यावरचा रस्ता वसंतापर्यंत बंदच असतो.

नांवामागचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १८०७ सालीं, टॉमस जेफरसन हे अध्यक्ष असतांना, अमेरिकेनें परदेशांशीं व्यापार बंद करणारा कायदा केला. इंग्लंड व फ्रान्स यांच्या झगड्यांत आपलीं गलबतें सांपडूं नयेत, हा त्यांतला हेतु. पण व्हर्माँटच्या शेतकऱ्यांची बाजारपेठ उत्तरेस, कॅनडांतील माँट्रियल येथें होती. कायदा पाळावा तर पोट उपाशीं. तेव्हां ते गुरें व माल घेऊन या खिंडींतून सरहद्दीकडे जाऊं लागले. गुलामगिरींतून पळालेले लोकही पुढें याच वाटेनें गेले असें सांगतात. आणि १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळांत कॅनडांतील मद्य उलट दिशेनें खालीं येत असे. मला आपला जुन्नरजवळचा नाणेघाट आठवला. त्याच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आहे. येथें खिंडीला नांवच मुळीं कायदा चुकविणारांचें.

माथ्यावर मोटार ठेवण्यास थोडी जागा आहे. तेथें उतरलों तेव्हां नऊ वाजून गेले होते. पण खिंडीच्या तळाशीं ऊन पोंचलें नव्हतें. दोन्ही बाजूंचे कडे इतके सरळ आहेत कीं सूर्य येथें उशिरां येतो आणि लौकर जातो. वरचे कडे सोन्यासारखे झळकत होते आणि खालच्या शिळा अजून निळसर अंधारांत होत्या. छायाचित्र घेणारांना या स्थितीची धास्ती वाटते. फिल्मला डोळ्यासारखी तडजोड करतां येत नाहीं. कड्याकडे पाहून प्रकाश दिला तर दरी काजळासारखी काळी येते, आणि दरीकडे पाहून दिला तर कडा व आकाश पांढरें फटक पडतें. म्हणून मीं ढगाची वाट पाहत बसलों. पातळ ढगाखालीं सावल्या विरतात आणि पानांचा रंग दाट दिसतो. ओल्या पानांवर जी चमक येते ती रंग खाऊन टाकते. तिच्यासाठीं भिंगावर एक विशिष्ट फिरती कांच बसवितात. ती हळूहळू फिरवीत गेलें कीं चमक मावळते आणि आंतलें तांबडें वर येतें.

आणि तें तांबडें काय वर्णावें! मेपल शेंदरी व लाल, पिवळा बर्च हळदीसारखा, बीच झाडें तांब्याच्या जुन्या भांड्यासारखीं, आणि वर कड्याच्या कपारींत सूचिपर्ण वृक्षांचा काळसर हिरवा रंग. वाट पाहतांना मीं चिरंजीवांना पानांचें शास्त्र सांगूं लागलों. अध्यापकाची संवय निवृत्तीनंतरही सुटत नाहीं. मीं म्हटलें, "हा पिवळा रंग आज आलेला नाहीं बरें. तो उन्हाळाभर पानांत असतोच. दिवस लहान होऊं लागले कीं झाड हिरवें द्रव्य करावयाचें थांबतें. तें ओसरलें म्हणजे मूळचा पिवळा उघडा पडतो. तांबड्याची गोष्ट मात्र निराळी. तो पान गळण्याच्या आधीं नव्यानें तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्रीं गारठा असेल, तर पानांत अडकलेल्या साखरेपासून तो होतो." तो म्हणाला, "आपल्याकडे आंब्याची पालवी लाल असते, तीही तशीच का?" मीं म्हटलें, "रंग त्याच जातीचा. आपल्याकडचा आंबा आणि कुसुंब जन्मतांना लाल होतात, आणि हीं झाडें निरोप घेतांना." तो एका शिळेला पाठ लावून उभा होता. बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काकूला हें सांगायला हवें."

दहा-साडेदहाला ढग आले आणि मीं कामाला लागलों. दुपारपर्यंत अकरा चित्रें झालीं. वळणावर दोन शिळांच्या फटींतून दिसणारा रस्ता. कड्यावरून झिरपणारें पाणी आणि त्यावर चिकटलेलें एकच लाल पान. झाडांच्या कमानीखालून येणारी एक पिवळी मोटार. प्रत्येक वेळीं तिपाई रोवावयाची, प्रकाश मोजावयाचा, वारा पडण्याची वाट पाहावयाची. तिपाई चिरंजीवांच्या खांद्यावर होती.

बारावें चित्र मीं राखून ठेविलें होतें. रस्त्यापासून वर, दगडांच्या उतरणीवर, एक प्रचंड शिळा मला खुणावीत होती. हे डोंगर शिस्ट जातीच्या चकचकीत, पापुद्रेदार खडकाचे आहेत. आपला सह्याद्रि लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. ही शिला मात्र पृथ्वीच्या पोटांत दाबानें व उष्णतेनें दुमडून पालटलेली. शेवटच्या हिमयुगांत हा सारा प्रदेश बर्फाच्या जाड थराखालीं होता. सुमारें १२-१३ हजार वर्षांपूर्वीं तें बर्फ हटलें, आणि तेव्हांपासून कडे उकलत आहेत. भेगेंत पाणी शिरतें, थंडींत गोठतें, गोठतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्के वाढतें, आणि भेग रुंदावते. असें हजारों हिंवाळे झाले कीं एके दिवशीं घराएवढा तुकडा सुटून खालीं येतो. मला हवी होती ती शिळा अशीच आलेली. तिच्या डोक्यावर पिवळा बर्च उगवला होता, आणि त्याचीं मुळें शिळेला कवटाळून खालीं मातीपर्यंत उतरलीं होतीं.

चढ फार नव्हता. साठ-सत्तर पावलें असतील. मी पुढें होतों. मागें वळून पाहिलें तर चिरंजीव अर्ध्यावर थांबलेले. "तुम्ही व्हा पुढें, बाबा. मी आलोंच." थोडें चढून तो पुन्हां थांबला. मला ढग जाण्याची घाई. मीं वरून ओरडलों, "लहानपणीं हरिश्चंद्रगडावर मला मागें टाकीत होतास. गाडी चालवून चालवून पाय विसरलास कीं काय?" तो हंसला. त्याच्या हंसण्याचा आवाज मला ऐकूं आला नाहीं, इतकेंच मला आतां आठवतें.

तिपाई रोविली, कांचेंत पाहिलें, आणि नियम आठवला. मापाशिवाय ही शिळा चित्रांत गोट्याएवढी दिसली असती. हातोडी तर जवळ नव्हती. मीं त्याला म्हटलें, "तूं जरा शिळेपाशीं उभा राहा. मापापुरता." तो गेला. कांचेंत डावें-उजवें उलटें दिसत असल्यानें मीं त्याला दोनदां भलतीकडेच सरकविलें. शेवटीं तो शिळेवर एक हात ठेवून उभा राहिला. "आतां हलूं नकोस. वारा पडूं दे."

प्रकाश कमी होता. एक-अष्टमांश सेकंद तरी भिंग उघडें ठेवणें भाग होतें. तेवढ्यांत पान हललें कीं रंगाचा नुसता डाग उमटतो. वारा कांहीं केल्या पडेना. आठ-दहा मिनिटें गेलीं. तो एकदांच म्हणाला, "झालें का बाबा?" मीं म्हटलें, "थांब." तो म्हणाला, "काढा सावकाश." मी कांचेंत पाहत होतों. बर्चचीं पानें पाहत होतों, मुळांचा पीळ पाहत होतों, शिळेच्या पापुद्र्यांवरची चकाकी पाहत होतों. एकदांचा वारा पडला आणि मीं कळ दाबली.

कार्तिकांत मी परत आलों. फिल्म मुंबईस पाठवून धुवून आणविली आणि वीतभर लांबी-रुंदीचीं चित्रें कागदावर काढविलीं. रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत सारें घर जमलें. चित्रें हातोहात फिरूं लागलीं. पुतण्यांनीं रस्त्याचें वळण वाखाणलें, सुनांनीं लाल पान, मुलांनीं पिवळी मोटार. बारावें चित्र आलें तेव्हां मीं सरसावून बसलों आणि शिळा केवढी, ती कशी सुटली, मापासाठीं माणूस कां लागतो, सारें व्याख्यान दिलें.

वहिनींनीं चष्मा लावला, त्यावर पोथी वाचावयाचें भिंग धरलें आणि बराच वेळ पाहिलें. मग विचारलें, "भाऊजी, हा टेकून कां उभा आहे?"

"मापासाठीं उभा केला आहे, वहिनी."

"उभा नाहीं, टेकलाय. सगळा भार हातावर आहे. आणि ओठ बघा ह्याचे. शाळेंत असतांना अंगांत ताप लपवून ठेवायचा, तेव्हां असेच मिटायचा." थोड्या वेळानें म्हणाल्या, "कानांवरचे केस पांढरे झालेत. सांगितलें नाहींत तुम्ही."

तीन महिने मी त्या घरांत राहिलों होतों. रोज सकाळीं त्याच्यासमोर बसून चहा घेत होतों. मला ते केस दिसले नव्हते.

वहिनींनीं त्याच रात्रीं नातवाकडून फोन लावविला आणि सगळ्यांना बाहेर जावयास सांगितलें. अर्ध्या तासानें दार उघडलें. त्या वर्षीं मे महिन्यांत बाळच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळी बसविली होती. संकट टळलें होतें. वैद्यांनीं चालावयास सांगितलें होतें, चढतांना मात्र जपावयास सांगितलें होतें. ती डबी जिभेखालीं ठेवावयाच्या गोळ्यांची. "बाबांना कळलें तर ते यायचेच नाहींत, किंवा येऊन काळजी करीत बसतील. त्यांना तो रंग बघूं दे, असें म्हटलें," हें त्यानें काकूला सांगितलें. मला मात्र तीन महिन्यांत सांगतां आलें नाहीं. वहिनी माझ्यावर रागावल्या नाहींत. "पुरुषांना विचारल्याशिवाय कळत नाहीं, आणि विचारायचें सुचत नाहीं," एवढेंच म्हणाल्या आणि देवापुढची समई सारखी करावयास गेल्या.

त्या रात्रीं मीं तें चित्र दिव्याखालीं पुन्हां पाहिलें. चित्र म्हणून तें उत्तम आहे. पानें स्पष्ट आहेत, मुळांचा पीळ आहे, प्रकाश नेमका आहे. मापासाठीं ठेवलेल्या हातोडीकडे कोणी निरखून पाहत नाहीं; तशी कोणाची अपेक्षाही नसते. पण हातोडीला दम लागत नाहीं, आणि "काढा सावकाश" असें ती म्हणत नाहीं. तीन-चार पावलें पुढें जाऊन मीं त्याच्या तोंडाकडे पाहिलें असतें, तर बारावें चित्र कदाचित् निघालें नसतें. न निघतें तर बरें झालें असतें, असें मीं वहिनींजवळ बोललों. त्या म्हणाल्या, "निघालें म्हणून तर कळलें."

पुढें त्यांनीं पुतण्याकडून त्या चित्रांतला मुलाचा तेवढा भाग मोठा करून घेतला. तो आतां त्यांच्या पोथीच्या कपाटाला आंतून लावलेला आहे. मोठा केल्यामुळें चित्राचे कण दिसतात, कडा फुटल्या आहेत, आणि शिळा तर त्यांत उरलेलीच नाहीं. एका कोपऱ्यांत बर्चचीं दोन पिवळीं पानें आहेत. माझ्या नियमानें पाहिलें तर हें चित्र तांबड्या शाईनें खोडण्यासारखें.

दादांचा कॅमेरा मी वापरतों. अजून एका फिल्मवर बाराच चित्रें निघतात. शनिवारीं बोस्टनचा फोन येतो तेव्हां पूर्वीं मी हवा विचारीत असें. आतां जिना चढतांना दम लागतो का, हें आधीं विचारतों. तो "नाहीं" म्हणतो. मी पुन्हां एकदां विचारतों.